जर्मनीला गेलेलं पिंजण

"तुमी इस्वास ठेवनार नाई, म्हनून मी कोनाले सांगतच नाई," असं इनायतुल्लानं आधी बजावलं आणि लगेच सांगायला लागला.

अकोटहून अकोल्याला निघालेली एसटी चाक पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. प्रवासी एका बाभळीच्या तोकड्या सावलीत दाटीवाटीनं बसले होते. उठून जायला कोणाला जागा नव्हती. इनायतुल्लाला अजून काय हवं?

"माह्यं पिंजण जर्मनीले गेलं. इमानात बसून."

"कापूस पिंजाचं पिंजण?" कोणीतरी विचारलं. "ते घेऊन का करते जर्मनीवाले?"

"अरे, त्याच्यापाई दोन सायेब भांडले. असंतसं पिंजण नोतं ते. त्याच्यानं पिंजलेल्या कापसाची गादी भरली, तं नवरदेव बसाच्या आंधीच ते वर उडाली. दोरीनं खाटीले बांधा लागली."

लोक हसले. पंजाबराव मात्र उठून चाक कुठवर आलं ते पाहायला गेला. तो इनायतुल्लाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या सगळ्या गोष्टी ऐकून ऐकून विटला असेल, असं इनायतुल्लाला वाटलं.

खरी हकीकत अशी होती. कापसाला भाव नव्हता, आणि त्या वर्षांत अकोटात कोणी नवी गादी भरत नव्हतं. जुनीच उन्हात टाकून झटकत. जे थोडे भरत, ते विजेच्या यंत्रावर पिंजून घेत. इनायतुल्लाकडे यंत्र नव्हतं. त्याच्या मुलानं, साजिदनं, सुरतेला जायला पिशवी भरून ठेवली होती. पंजाबरावानं सोयाबीनचे आलेले पैसे पुढे केले. इनायतुल्लानं ते त्याच्याच खिशात परत कोंबले. "तुह्यापासून घेतले, तं मंग तुह्या घरी गादी भराले कोन्या तोंडानं येऊ?" वर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

सून फरजाना सायबर कॅफेत कामाला होती. तिनं घरातला जुना पितळी अडकित्ता नेटवरच्या लिलावात टाकला. इनायतुल्लानं त्याला एक गोष्ट जोडून दिली, आणि अडकित्ता बंगलोरला गेला. मग पानाचा डबा गेला, कंदील गेला. इनायतुल्ला रस्त्यानं निघाला की लोक विचारत, "चाचा, आज का इकलं?"

पण अकोट गप्प बसणारं गाव नाही. महिन्याभरात घरोघरचे बंब, घुंगरमाळा, फुटके ग्रामोफोन त्याच लिलावात जाऊन बसले. प्रत्येकाचा अडकित्ता कोण्या ना कोण्या राजाचा निघाला. बोली लागेना. शेवटी इनायतुल्लानं भिंतीवरचं पिंजण उतरवलं. बापाच्या हातचं. त्याची तात, म्हणजे कापूस पिंजायची ताणलेली दोरी, एकदा छेडली, पुसली, आणि फोटो काढताना तो बाहेर जाऊन उभा राहिला.

पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर शोभेला म्हणून बोली लावली, तीही सरपणाच्या भावानं. मुदत संपत आली तेव्हा कुठूनसं दुसरं गिऱ्हाईक उगवलं. हॉटेलवाला चढला की ते त्याच्यावर चढे. हॉटेलवाला दमला. पिंजण गेलं, यंत्राची सोय झाली, साजिदनं पिशवी रिकामी केली. आता ते यंत्र पसंत करायलाच इनायतुल्ला अकोल्याला निघाला होता. सोबतीला पंजाबराव होता. त्याची बायको सुभद्रा बहिणीकडे म्हणून आली होती.

गिऱ्हाइकानं पार्सल अमरावतीच्या एका दुकानात मागवलं होतं. पुढे त्याचं काय झालं, याचा इनायतुल्लाला पत्ता नव्हता. तेवढं एक त्याला आतून कुरतडत होतं. कोण असेल? त्याला ते वाजवता येत असेल का? फरजानाला विचारलं तर ती हसली. "अब्बा, तुम्हाले मशीन पायजे का गिऱ्हाइकाचं नाव?" मग त्यानं गिऱ्हाइकाला स्वतःच जर्मनीत नेऊन बसवलं. तिथं ते सुखात होतं.

"मंग चाचा, त्या सायेबाचं नाव का?" बाभळीखालून प्रश्न आला.

"नाव मोठं हाये. आपल्या तोंडात मावत नाई." इनायतुल्ला सावरून बसला. "पन मानूस लाखाचा. आन त्याची बायको! गोरीपान, वर नोकरचाकर. तिनं पिंजण दिवाणखान्यात टांगलं. सकायी उठली का आंधी ते रेशमी फडक्यानं पुसते, मंग चहा घेते. नवऱ्याले म्हनते, तुमी जल्मात येवढी एकच चीज अकलेनं आनली."

सुभद्रा इतका वेळ डोक्यावरचा पदर धरून ऐकत होती. तिच्या हातांना सकाळच्या शेणाचा वास होता. तिनं चाकाशी उभ्या असलेल्या पंजाबरावाकडे पाहिलं. पंजाबराव नको नको म्हणून मान हलवत होता.

"साफ खोटं हाये, भाऊ," सुभद्रा म्हणाली. "सायेबाची बायको काई पुसतबिसत नाई. तिले ते परवा गोठ्यात कडब्यामांगं लपवलेलं सापडलं. आन सायेबाचं नाव बी लहानच हाये, पन तिले ते तोंडानं घेता येत नाई."