दोन पावलं लांब

शंभर मीटरची पदकं दुपारीच वाटून झाली. आठ जणींच्या रक्ताचा थेंब यंत्रात गेला, यंत्राने प्रत्येकीची वेळ सांगितली, धावावं कुणालाच लागलं नाही. खरोखर धावायची शर्यत आता रिलेच उरली होती, कारण बॅटन हातात नीट पडेल का, हे रक्तावरून कळत नव्हतं. तरी अंदाज पडद्यावर होताच: भारत आठवा, सर्वांत मंद तेजल माने.

तेजलने पाण्याची बाटली आपटली. "यमुनाताई, मी मंद?"

यमुना गावित चौदा वर्षं भारताचा शेवटचा टप्पा धावत होती. ही तिची शेवटची शर्यत. तेजलने ट्रॅकवरची चिकटपट्टी ओलांडली, की यमुनाने मागे न बघता सुटायचं. यमुनाने ती पट्टी उचलली आणि आपल्यापासून आणखी दोन पावलं लांब लावली.

"अगं, एवढ्या लवकर सुटलीस तर ती तुला गाठणार कशी?" प्रशिक्षक ओरडले. "आकडे बघ! बाद होऊ आपण!"

"ती चिडलीय, सर. चिडलेली तेजल मला माहितीय."

शर्यत सुरू झाली. तिसऱ्या टप्प्यावर बॅटन घेऊन आलेल्या तेजलने पट्टी ओलांडली. यमुना सुटली, हात मागे धरला. तीन ढांगा तळवा रिकामाच होता. मग बॅटन त्यात थाडकन बसलं.

भारत तिसरा आला. चौदा वर्षांतलं यमुनाचं पहिलं पदक.

यंत्रवाले धावतच आले. "तेजलचं रक्त पुन्हा तपासायचंय."

तिरंगा पांघरून हसणाऱ्या तेजलचा हात यमुनाने त्यांच्यापुढे केला.

"घ्या की. पण आता ती चिडलेली नाही."