तळव्याची नवी कातडी

गिरणीच्या पट्ट्यात सापडून सरूबाई कासारणीच्या उजव्या हाताच्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती. डॉक्टरांनी तिथे कृत्रिम त्वचा बसवली, वर मांडीची पातळ कातडी लावली. जखम भरली, स्पर्श कितपत परतेल, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

घरी येताच तिने सुनेचा हात ओढला. गिऱ्हाइकाचा पंजा दाबायचा, हाडांचा अंदाज घ्यायचा आणि न बघता बांगडी चढवायची, हीच तिची रोजीरोटी.

"बांगडी पिचली तर पिचू दे, आत्या, तुमचा हात तेवढा सांभाळा," सून म्हणाली.

"गप बस."

तिने पंजा दाबला. लाकूड धरल्यासारखं वाटलं. बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली आणि जोर किती लावायचा, हे तळव्याला उमगेना.

नाइलाजाने तिने मान वर केली. सुनेची भुवई आक्रसत होती. तिने जोर कमी केला, पंजा जरा वळवला. भुवई सैल झाली तशी बांगडी अलगद मनगटात उतरली.

"दुखलं?"

"नाही. पण बांगड्या भरताना तुम्ही कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हता."

"दुसरा हात दे," तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता सरूबाई म्हणाली.