दुधाळ पाणी

पेल्यात चमचा किणकिणला आणि इराणातल्या काशान शहरात, दुपारी निजलेल्या घरात माहरुख दचकून जागी झाली. तिची आई स्वतःच्या हाताने चहात खडीसाखर ढवळत होती.

"बघतेस काय, डॉक्टरीणबाई? केस विंचर आधी!"

कित्येक महिन्यांनी आईला लेक ओळखू आली होती. माहरुखचे डोळे भरून आले.

आईच्या स्मृतिभ्रंशावरचं औषध माहरुखच्याच प्रयोगशाळेतलं होतं, मेंदूच्या पेशींना जपणारं. ते घेतलेले पांढरे उंदीर टाकीतल्या दुधाळ पाण्यात सरळ पोहत जाऊन खाली लपवलेल्या चौथऱ्यावर उभे राहत. आता माणसांवर चाचणी चालू होती, आणि त्यांत आई होती.

आई उठून अंगणात गेली. माहरुख मागोमाग आली, तोवर दुधाचं पातेलं हौदात रिकामं झालं होतं.

"अगं आई, हे काय?"

"खालचं दिसायला नको."

उंदरांचा विषय माहरुखने घरात कधीच काढला नव्हता.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पाणी गार असतं गं. पटकन शोधावं लागतं."

आणि आई हौदात उतरली. पाणी छातीभर होतं. तळ माहरुखने कालच घासला होता; तिथे निळ्या फरशीखेरीज काही नव्हतं. जन्मात कधी न पोहलेली आई सरळ मध्यापर्यंत पोहत गेली, आणि उभी राहिली. पाणी तिच्या घोट्याशी होतं.

मागून आलेल्या छोट्या तरलानने माहरुखच्या ओढणीचं टोक ओढलं.

"आई, आजी कशावर उभी आहे?"