तीन राजे

"हात बनलाय असं वाटत असेल तर आत्ताच लाव," सुदर्शन म्हणाला. "समोरच्याला पुढचं पान फुकटात दाखवायचं नसतं."

फैझल हसला. खेळ सुदर्शनचाच, दीड वर्ष अमेरिकेत काढून तो हा ओमाहा पोकर शिकून आला होता. हातात चार पानं. त्यातली नेमकी दोन घ्यायची आणि मध्ये उघडलेल्यांतली तीन. पैशांऐवजी चिंचोके.

मध्ये पहिली तीन पानं पडली होती. किल्वरचा राजा, किल्वरची नव्वी, चौकटची चौवी. फैझलच्या हातात दोन राजे होते. या घडीला तीन राजांच्या वर काही असूच शकत नव्हतं.

पण डाव चिंचोक्यांसाठी नव्हता. दोघं हिंजवडीत एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. डॅलसच्या क्लायंटला त्यांच्यातला एक माणूस कायमचा हवा होता. जाणाऱ्यानं इथला राजीनामा द्यायचा. मंदीची कुजबुज सुरू होती आणि दोघांनाही जायचं होतं. आठवडाभर अबोला झाला. शेवटी काल सुदर्शननंच फोन केला होता. "उद्या तुझ्या घरी हडपसरला येतो. पत्त्यांवर ठरवून टाकू. मैत्री तरी राहील."

फैझलनं सगळे चिंचोके पुढे सरकवले. सुदर्शननं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि आपलेही सरकवले.

चौथं पान इस्पिकची राणी. पाचवं किल्वरची तिर्री.

मध्ये आता तीन किल्वर झाले होते. सुदर्शनकडे आणखी दोन असले तर संपलंच, पाच किल्वर तीन राजांवर भारी. फैझलनं आपले राजे उघडले.

सुदर्शननं आपली चारही पानं पालथीच गड्डीवर टाकली. "गेली माझी. मुबारक हो, डॅलसकर."

"खरंच?"

"मग काय, लेखी देऊ? राजीनाम्याचा मेल आत्ताच टाक. उद्या माझं मन फिरायचं."

फैझलनं त्याच्यासमोरच मेल पाठवला. फैझलच्या बायकोनं, तरन्नुमनं, शेवयांची खीर आणली. सुदर्शननं वाटी चाटूनपुसून संपवली आणि बाइकवरून निघून गेला.

पत्ते आवरताना तरन्नुम थबकली. गड्डीवरची चार पानं तिनं उलटी करून त्याच्यासमोर धरली. "ही भावजींची ना? यात दोन किल्वर आहेत."

फैझलनं पाहिलं. एक्का आणि अठ्ठी. सुदर्शन जिंकला होता.

सुदर्शनची धायरीतली भाड्याची खोली, गावी वाशीमला आजारी वडील, लग्नाची बहीण, सगळं फैझलला माहीत होतं. आणि या माणसाशी आपण आठवडाभर बोललो नाही.

"मला नाही जमायचं हे," तो म्हणाला. "डॅलस त्याचं आहे."

"मग सकाळी जाऊन सांगा तसं," तरन्नुम म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

सोमवारी कंपनीची पहिली बस पकडून फैझल मॅनेजर रंगनाथ सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

"सर, कालचा मेल मला मागे घ्यायचाय. डॅलसला सुदर्शनला पाठवा."

रंगनाथ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डॅलसला आता कुणीच जात नाहीये, फैझल. त्यांनी काम बंद केलं. इथंही तुम्हा दोघांपैकी एकालाच ठेवायचा हुकूम होता. आज बसून ठरवणार होतो, पण तुझा राजीनामा बघून वरच्यांनी सकाळीच मंजूर करून टाकला. मलाही कळेना, हे सगळं माहीत असून तू असं का केलंस."

"माहीत असून? मला कुठं माहीत होतं, सर?"

"शुक्रवारी तुम्हा दोघांनाही बोलावलं होतं. तू लवकर घरी गेला होतास. सुदर्शन म्हणाला, मी रविवारी त्याच्या घरी जाऊन नीट सांगतो."