एका बाजूची झीज

आई गेल्यावर ताईने तिच्या उशाशी असलेला निळ्या नक्षीचा चिनी वाडगा भावाच्या दुकानात आणला. जुन्या चिनी भांड्यांचं वय सांगण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. वाडगा उलटा करून त्याने भिंग लावलं आणि हसला.

"आईला कोणीतरी गंडवलं होतं, ताई. रोजच्या वापरात बूड चहूबाजूंनी झिजतं. हे एकाच बाजूला घासलंय, तेही अलीकडे. जुनं वाटावं म्हणून मुद्दाम करतात असं."

"मुद्दामच घासलंय. वाचा गेल्यावर आई दाराकडे बघत हा वाडगा खिडकीच्या दगडी कट्ट्यावर घासायची. हाक मारायला."

"तुला?" भिंगावरून नजर न काढता त्याने विचारलं.

"मी तर समोरच बसलेली असायचे."