चिमटीतलं तेल

"कण नाही. इंजिन ठणठणीत आहे," म्हणत आबांनी गिऱ्हाइकाच्या गाडीची डिपस्टिक परत जागेवर घातली. तेल त्यांनी नेहमीसारखं चिमटीत चोळून पाहिलं होतं. चाळीस वर्षं गॅरेजात त्यांची हीच पद्धत. इंजिन आतून झिजायला लागलं, की तेलात उतरलेला धातूचा कीस त्यांच्या बोटांना कळायचा. इंजिनाचा आवाज त्यानंतर बदलायचा.

मी, त्यांची लेक, तेल तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा ते हसले होते. "ज्याला बोटं नाहीत, त्याने मशीन घ्यावं!" त्यामुळे आज मी मुद्दाम त्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं तेल बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट आला: तांबं आणि शिसं मर्यादेच्या चौपट. बेअरिंग जात आलं होतं.

चिडवायचं ठरवूनच मी गॅरेजवर पोचले. "आबा, या वेळी हरलात."

त्यांनी रिपोर्ट वाचला, अजून तिथेच उभ्या असलेल्या त्या गाडीची डिपस्टिक काढली, पुन्हा पुन्हा तेल चोळलं. "हे बघ, लोण्यासारखं आहे."

त्यातलाच थेंब मी चिमटीत घेतला. रव्यासारखं काहीतरी टोचलं.

मी त्यांचा हात धरून उलटा केला. अंगठ्यावर भाजल्याचा टपोरा फोड होता.

"हे कधी भाजलं?"

"कुठे?"

बारा वर्षांच्या शुगरने त्यांची बोटं बधिर केली होती. आबांनी दुसऱ्या हाताने तो फोड दाबून पाहिला.

"वर्षभरात एकाही गाडीचं तेल मला खराब लागलं नाही गं," ते म्हणाले. "मला वाटलं, हल्ली इंजिनंच चांगली यायला लागलीत."