पालकांचा तास

"उद्या मुलांना तुमच्या कामाबद्दल सांगायला या," असं बाईंचं बोलावणं आल्यापासून प्लंबर भाषण पाठ करत बसला होता. त्याच्या आधी बोलणार होते एका मुलाचे वैमानिक वडील! वर लेकीनं बजावलं, "बाबा, माझं हसं करू नकोस हं."

देवाचं नाव घेऊन तो वर्गासमोर उभा राहिला आणि पाठ केलेलं सगळं भाषण साफ विसरला. आता करतो काय बिचारा? त्यानं पिशवीतून एक जुना नळ आणि पाना काढला नि म्हणाला, "या रे बाळांनो, खोलून बघा!" झालं! चाळीस पोरं नळावर अशी तुटून पडली की घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना. लेकीची मान अभिमानानं ही अशी ताठ!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांचा फोन आला. मागे पाण्याचा धो धो आवाज आणि पोरांचा जल्लोष. "अहो, असाल तसे धावत या! वर्गानं शाळेतले सगळे नळ खोललेत!"

तेवढ्यात लेकीनं फोन हिसकावला.



"बाबा, जरा सावकाश ये! वरच्या टाकीचा अजून राहिलाय!"